फळ्यावरची बातमी आणि ओट्यावरची अंडी

माझं लग्न ज्या घरात झालं त्या घराचं स्वतःचं वर्तमानपत्र होतं. त्याला कागद नव्हता, शाई नव्हती आणि वर्गणीही नव्हती. वसईकडे, भुईगावच्या अलीकडच्या एका गावात, एसटीच्या थांब्याशेजारी, क्रुसाच्या चौथऱ्याला लागून सिमेंटचा एक काळा फळा बांधलेला होता. माझे सासरे, ज्यांना घरात आणि गावात सगळेच भाऊ म्हणत, रोज सकाळी केळीच्या वाडीला पाणी लावून झालं की ओला फडका आणि खडूचा डबा घेऊन तिकडे जात. कालचा मजकूर पुसायचा आणि आजचा लिहायचा. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले होते, पण हातातला खडू काही सुटला नव्हता.

मी साताऱ्याकडची. माझ्या माहेरी बातमी तोंडी चालायची, त्यामुळे ती पहिल्यांदा कुणी सांगितली याचा कधी पत्ता लागायचा नाही. इथे ती ठळक अक्षरांत भिंतीवर असायची आणि अक्षर कुणाचं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुपारची एसटी आज येणार नाही. क्रुसाजवळ चष्मा सापडला आहे, ओळख पटवून न्यावा. अमक्यांची मुलगी बारावीला पहिल्या वर्गात पास. चर्चची घंटा संथ वाजायला लागली की लोक कामं टाकून फळ्याकडे यायचे, कारण कोण गेलं आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, किती वाजता हे भाऊंनी तोवर लिहिलेलं असायचं. एसटीचा कंडक्टरसुद्धा घंटी मारायच्या आधी खिडकीतून मान काढून वाचून घ्यायचा. नवी नवरी म्हणून मला या सगळ्याचं हसू यायचं. पण हसता हसता मीही रोज वाचायला लागले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नुकतीच वकिलीची सनद घेतली होती आणि वसईच्या कोर्टात एका वकीलसाहेबांकडे ज्युनिअर म्हणून लागले होते. ज्युनिअर म्हणजे काय, तर तारखा घ्यायच्या, साहेबांच्या मागे फाइली धरून चालायचं आणि अशिलांना ‘साहेब येतायत’ सांगत बसायचं. त्यात एक अशील मात्र मला फार आवडायचा. तो एक साप्ताहिक चालवायचा. मालक, संपादक, बातमीदार आणि गठ्ठे सायकलवरून पोचवणारा, सगळा एकटाच. वालीवच्या एका कारखान्याचं घाण पाणी ओढ्यात सोडलं जातं असं त्यानं छापलं होतं आणि कारखान्याच्या शेठनं त्याला अब्रुनुकसानीची नोटीस धाडली होती.

“पण साहेब, मी नाव कुठे छापलंय?” तो म्हणाला. “मी फक्त ‘पांढऱ्या मोटारीतले एक शेठ’ लिहिलं.”

“त्या रस्त्यानं पांढऱ्या मोटारी किती जातात?” साहेबांनी विचारलं.

“एकच.”

“मग छापलंस की नाव.”

नाव न घेता नाव घेता येतं आणि कायदा ते ओळखतो, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळली. पुस्तकात वाचली होती, पण पांढऱ्या मोटारीशिवाय ती डोक्यात शिरली नव्हती. मग मला प्रश्नांची चटकच लागली. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांना विचारलं, की आमच्या भाऊंचा फळा हे वर्तमानपत्र म्हणायचं का?

साहेबांना गंमत वाटली. “मुद्रक कोण?”

“सासरे.”

“प्रकाशक?”

“सासरे.”

“आणि नोंदणीकृत कार्यालय?”

“क्रूस आणि एसटीचा थांबा यांच्या मधोमध.”

ते हसले, पण मग डबा बाजूला सारून गंभीरपणे म्हणाले, की वर्तमानपत्राच्या नोंदणीचा कायदा फळ्याला लागायचा नाही, कारण त्यात छपाई नाही. प्रेस कौन्सिलकडेही त्याची तक्रार जायची नाही. पण अब्रुनुकसानीच्या कायद्याला कागद लागत नाही. लिहिलेलं तिसऱ्या माणसानं वाचलं की झालं प्रकाशन.

“पण ते दुसऱ्या दिवशी पुसतात ना,” मी म्हटलं.

“वाचणाऱ्यांच्या डोक्यातनं कोण पुसणार?”

मी हे सगळं रात्रीच्या जेवणाला घरी सांगितलं. भाऊ खूश झाले. आपण संपादक आहोत हे त्यांना वकिलाच्या तोंडून कळलं होतं. “मी खोटं कधी लिहीत नाही,” ते म्हणाले, “मग मला कशाची भीती?” त्यांचा सगळा वृत्तपत्र कायदा त्या एका वाक्यात होता, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही तो पुरेसा वाटला.

आमच्या आळीच्या टोकाला बालवाडीच्या बाई राहायच्या. चाळिशीच्या, लग्न न केलेल्या. घरात त्या आणि त्यांची म्हातारी आई. बालवाडी त्यांच्याच पडवीत भरायची आणि माझी तीन वर्षांची मुलगीही तिथंच जायची. बाई मध्यंतरी खोकल्यानं बेजार होत्या. मग ‘विरारला मामाकडे जाते’ सांगून त्यांनी बालवाडी काही दिवस बंद ठेवली. परत आल्या त्या थोड्या वाळलेल्या, पण बडबडगीतं पुन्हा पहिल्यासारखी जोरात सुरू झाली. गावाला वाटलं, बरं झालं, आल्या.

त्या सुमारास भाऊ रक्तदाबाच्या गोळ्या आणायला सरकारी दवाखान्यात गेले. तिथं त्यांना बाई दिसल्या. ज्या खिडकीवर क्षयाच्या गोळ्या समोर उभं करून गिळायला लावतात, त्या खिडकीवर. भाऊ घरी आले ते डोळे पुसतच. अर्ध्या गावाची पोरं या बाईनं सांभाळली आणि स्वतःचं दुखणं एकटीनं काढतेय, हे त्यांना सहन होईना. हे मला सासूबाईंनी नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला ठाण्याच्या कोर्टात जायचं होतं आणि मी भाऊंच्या आधीच घरातून निघाले होते. त्या सकाळी त्यांनी फळ्यावर लिहिलं:

‘आपल्या बालवाडीच्या बाई क्षयरोगाशी झुंजत आहेत. त्यांना रोज दूध व अंडी यांची गरज आहे. गावाने माणुसकी दाखवावी.’

माणुसकी या शब्दाखाली त्यांनी गुलाबी खडूनं रेघ ओढली होती.

आणि गावानं ती दाखवली, यात वाद नाही. दुपारपर्यंत बाईंच्या ओट्यावर अंड्यांचे ढीग लागले. टोपलीत, पेंढ्यात, पदरात बांधून आणलेली गावठी अंडी. दुधाचे तांबे. कुणी केळ्यांची फणी ठेवली, कुणी सुकी सुरमई. बाई शाकाहारी होत्या की नाही हे कुणी विचारलं नाही. माणसं फाटक उघडून ओट्यापर्यंत यायची, वस्तू कडेला ठेवायची, लांबूनच ‘बाई, ठेवलंय हो!’ अशी हाक मारायची आणि तोंडावर पदर धरून मागे वळायची. आत कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत एकही मूल आलं नाही.

त्या रविवारी बाई आमच्याकडे आल्या. मी आत या म्हटलं तर म्हणाल्या, “नको, ओट्यावरच बरी.” मला त्याचा अर्थ लगेच लागला नाही. भाऊ वाडीत होते. सासूबाई पडवीत मोगऱ्याच्या वेण्या करत होत्या. बाईंनी मला सगळं सांगितलं. विरारला त्या याच दुखण्यासाठी गेल्या होत्या आणि कुणाला लागण होऊ नये म्हणून सुरुवातीचे दिवस मामाच्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. मग डॉक्टरांनी पुन्हा थुंकी तपासली, आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही, कामाला लागा म्हणाले, म्हणून त्यांनी बालवाडी उघडली होती. गोळ्या तेवढ्या अजून चालू होत्या.

“वकीलबाई, मला एक विचारायचंय,” त्या म्हणाल्या. “भाऊंनी माझ्याबद्दल खोटं लिहिलं असतं, तर मला काय करता आलं असतं?”

मी उत्साहानं सांगितलं. नोटीस, फिर्याद, माफी, नुकसानभरपाई.

“आणि खरं लिहिलं तर?”

मला उत्तर येत नव्हतं आणि ते येत नाही याची मला लाज वाटण्याऐवजी, खोटं कशाला बोलू, प्रचंड उत्सुकता वाटली. खरं बोलणाऱ्याचं तोंड कायदा धरतो का? आणि धरत नसेल, तर समोर बसलेल्या या बाईनं जायचं कुठं?

“महिनाअखेरपर्यंत मुलं आली नाहीत तर पंचायतवाले बालवाडी दुसऱ्या आळीला देणार म्हणतात,” बाई म्हणाल्या. “मला भरपाई नको नि माफी नको. माझी मुलं परत पाहिजेत.” मग जरा थांबून हळूच म्हणाल्या, “तुमची मुलगीपण येत नाही.”

मी सासूबाईंकडे पाहिलं. मी सकाळी निघायचे आणि दिवे लागल्यावर परतायचे. मूल रोज बालवाडीत जातंय असंच धरून चालले होते. सासूबाई मान वर न करता भराभर फुलं गुंफायला लागल्या. ज्या घरानं माणुसकीखाली रेघ ओढली, त्याच घरानं आपलं मूल घरी ठेवलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सोमवारी मी साहेबांपुढे प्रश्न टाकला. साहेबांनी कपाटातून निकालांचा एक अंक काढला आणि खूण घालून माझ्यापुढे ठेवला. सर्वोच्च न्यायालयाचा त्या काळातला निकाल होता. माणसाचं घर, लग्न, बाळंतपण, मुलं अशा त्याच्या खाजगी गोष्टींबद्दल त्याच्या संमतीशिवाय कुणी छापू नये, मग ते खरं असो की खोटं, असा त्याचा मथितार्थ होता. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. खरं असो की खोटं! म्हणजे बाईंचा प्रश्न माझ्याआधी दिल्लीतही कुणाला तरी पडला होता. मला इतका आनंद झाला की मी साहेबांना न विचारताच दोघांचा चहा मागवला.

“फार नाचू नकोस,” साहेब म्हणाले. “आजाराचं नाव त्यात नाही. आणि याच्यासाठी दावा कुठे लावायचा, किती वर्षं चालेल, ते मला विचारू नकोस. नोटीस मात्र पाठवता येईल.”

“कुणाच्या पत्त्यावर?”

“तुझ्याच,” साहेब म्हणाले.

एवढ्यात आमचा साप्ताहिकवाला खुर्ची ओढून पुढे सरकला. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याला म्हणे ही बातमी झकास वाटत होती. गावानं अंड्यांचा पाऊस पाडला, पहिल्या पानावर ओट्याचा फोटो, नाव अजिबात टाकणार नाही, ‘भुईगाव परिसरातील एका गावातील बालवाडी शिक्षिका’ एवढंच. साहेबांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. “पांढरी मोटार,” ते म्हणाले. त्यानं वही मिटली.

घरी त्या संध्याकाळी चांगलंच वाजलं. मी भाऊंना सगळं सांगितलं, निकालासकट. भाऊंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“मी काय चोरी केली का? माझं एक अक्षर खोटं दाखव.”

“एकही अक्षर खोटं नाही, भाऊ. पण ते तुमचं नव्हतं, बाईंचं होतं.”

“चांगल्या हेतूनं लिहिलं.”

“म्हणून तर अंडी आली.”

भाऊ उठून वाडीत निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र स्वतःच म्हणाले, की दुरुस्ती टाकतो. ‘बाई आता पूर्ण निर्धोक असून मुलांना पाठवण्यास हरकत नाही.’ वर डॉक्टरांचा दाखला चिकटवतो. मी बाईंना विचारायला गेले. बाईंनी कपाळावर हात मारला.

“अहो, लोकांच्या डोक्यातनं पुसा म्हणतेय तर आणखी लिहायला निघालात! आता माझी थुंकीपण फळ्यावर लावणार?”

ओसरीतून त्यांची म्हातारी आई ओरडली, “त्याला सांग, पयले इकडे येऊन पानी पी, मंग लिही काय लिवायचं ते!”

मी हे वाक्य जसंच्या तसं भाऊंना येऊन सांगितलं. वाटलं, आता फडका फेकतील. पण त्यांनी फडक्याची घडी करून तो डब्यावर ठेवला. मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, “नात घरी का आहे?” सासूबाई नातीचा फ्रॉक शोधायला उठल्या. दहा वाजताची एसटी यायची वेळ होत आली होती. भाऊंनी धुतलेला सदरा चढवला, नातीला खांद्यावर घेतलं आणि निघाले. कोर्टाला सुट्टी असल्यासारखी मीही त्यांच्या मागे निघाले. मला बघायचंच होतं.

आळीनं थेट बाईंच्या घरी जाता आलं असतं. भाऊ मुद्दाम नाक्यावरून गेले. थांब्यावर माणसं उभी होती, कळंबहून मासे घेऊन आलेली एक म्हातारी पाटी मांडून बसली होती. फळ्यावर त्या दिवशी काहीच नव्हतं. भाऊ सरळ चालत राहिले. नात मात्र खांद्यावरून मोठ्यानं बडबडगीत म्हणत होती, आणि बाईंनीच शिकवलेलं होतं ते. सगळ्या माना आमच्याबरोबर वळल्या. पाचसहाजणी तर सरळ मागेच आल्या, फाटकापर्यंत.

भाऊ ओट्यावर थांबले नाहीत. चपला काढून आत गेले, रिकाम्या पडवीत मुलांच्या बसक्या पाटावर गुडघे जुळवून बसले आणि म्हणाले, “बाई, पाणी द्या.” बाईंनी स्वतःच्या तांब्यातून भांडं भरून दिलं. भाऊ ते तोंड लावून प्यायले, सावकाश, फाटकाकडे तोंड करून. मग म्हणाले, “अंडी फार झालीत असं ऐकलं. एक उकडता का?” बाईंना हसू फुटलं आणि त्याच क्षणी त्या रडायलाही लागल्या. मलाही राहवेना. तिकडे नात पाटावर हात बांधून बसली होती, बालवाडी सुरू व्हायची वाट बघत.

फाटकावरून कळंबची म्हातारी ओरडली, “भाऊंनी तिचं पानी पेलं? मंग माजा नातू उद्यापासून येतो!” तिचा नातू कळंबला राहायचा, तो येणं शक्यच नव्हतं. पण ऐकणाऱ्यांना ते चाललं. भाऊ पुढे कितीतरी दिवस रोज त्या वेळी जाऊन त्या पाटावर बसत राहिले. आधी शेजारची जुळी आली, मग एकेक करत बाकीची. महिनाअखेरीला पंचायतीचे लोक बघायला आले तेव्हा पडवीत उभं राहायला जागा नव्हती.

फळा पुन्हा सुरू झाला, पण बदलला. भाऊ आता लिहिण्याआधी त्या घरी जायचे आणि दारात उभं राहून विचारायचे, “लिहू का?” गावाला या प्रश्नाची सवय नव्हती. सुरुवातीला लोक गोंधळले, मग त्यांना त्यात गोडी वाटायला लागली. लिहा, पण मुलीचे मार्क लिहू नका. साखरपुडा लिहा, मुलाकडची नोकरी नको. एका आजोबांनी तर स्वतःच्या पंच्याहत्तरीचा मजकूर तीनदा बदलून घेतला. कुणी नुसतं ‘नको’ म्हणायचं आणि भाऊ काही न विचारता परत फिरायचे. फळ्यावर पुष्कळ जागा मोकळी राहायला लागली. मी भाऊंना चिडवायचे की तुमचा खप घसरला. साहेबांना मात्र मी हे अभिमानानं सांगितलं. साप्ताहिकवाल्यानंही ऐकलं, त्यानं शेठशी तडजोड केली, साप्ताहिक चालू ठेवलं आणि पांढरी मोटार कायमची सोडली.

नंतरच्या वर्षांत केबलवर गावातल्या बातम्या यायला लागल्या. कुणाच्या दारात अपघात झाला की कॅमेरेवाला रडणाऱ्या बाईच्या तोंडासमोर माइक धरायचा. दोन हजार सालानंतर तर प्रत्येकाच्या खिशात फोन आला. मी कोर्टात आता माझी स्वतःची कामं चालवत होते आणि असे कितीतरी प्रश्न माझ्यापुढे येत होते. दर वेळी मला त्या बाईंचा प्रश्न आठवायचा: आणि खरं लिहिलं तर? त्याचं पक्कं उत्तर मला अजूनही कुठल्या एका कलमात सापडलेलं नाही, म्हणून मी शोधत असते.

भाऊ आजारी पडले तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या. भाऊंचा हात उचलेना, तेव्हा फडका आणि खडूचा डबा बाईंकडे गेला. त्यांचं अक्षर भाऊंपेक्षा गोल. भाऊंना काय झालं होतं, ते मी इथं लिहिणार नाही. बाईंबद्दल लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, लिहा, नाव तेवढं नको. भाऊंना विचारायचं राहून गेलं.

नाक्यावर लोक बाईंना विचारत होते, भाऊंना काय झालंय, लिहा ना. एका सकाळी बाई आल्या, खाटेशी बसल्या आणि भाऊंच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “भाऊ, लिहू का?”

भाऊंना बोलता येत नव्हतं. त्यांनी अंथरुणावर पडल्या पडल्या पंजा डावीकडून उजवीकडे फिरवला, फळा पुसल्यासारखा. बाईंनी मान हलवली. त्या दिवशी फळ्यावर एसटीची बदललेली वेळ होती आणि संध्याकाळच्या मिस्सेची. बाकी फळा काळा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर अंगणात माणसं उभी होती. कुणाच्या हातात अंडी, कुणाच्या हातात दुधाचा तांबा, एकीच्या पदरात केळी. मी ती घ्यायला ओट्यावर पुढे झाले. कुणीही ती माझ्या हातात दिली नाहीत. चपला ओट्याखाली काढल्या आणि सगळी माणसं आत भाऊंजवळ येऊन बसली.